पेइलापचा वायव्य कोपरा

२२ जानेवारी, सोमवार

यंत्र आलं. विमानतळावर कस्टमवाल्यानं पेटी उघडायला लावली. "हे कशाला? मासे बघायला?"

"दगड बघायला," मी म्हटलं.

तो पोट धरून हसला. "दगड काय पळून चाललेत, मास्तरीणबाई?"

पळूनच चाललेत, त्याला काय सांगू. पेइलाप या आमच्या पाण्यातल्या पडक्या दगडी वाड्याची पश्चिमेकडची भिंत तिवरांच्या मुळांनी आतून फोडली आहे आणि मोठ्या भरतीला बाहेरून लाटा लागतात. ओंडके रचावेत तसे आडवे-उभे रचलेले काळे दगड, एकेक माणसाच्या लांबीचा. किती शतकं उभे होते. गेल्या वर्षी एकवीस पडले, मी मोजले.

या मोजणीचा प्रमुख कॉलिन, त्यानं मला ऍडलेडला दोन महिने हे काम शिकवलं. यंत्र तिपाईवर ठेवायचं, ते गरागरा फिरत लेसरचा किरण सगळीकडे सोडतं आणि किरण जिथं आपटेल तिथला एक ठिपका घेतं. असे कोट्यवधी ठिपके जोडले की आख्खी भिंत संगणकात उभी राहते, मिलिमीटरपर्यंत. मग इंजिनियर लोक टेकू कुठं लावायचे ते ठरवणार. अट एकच, मोजणी पुरी हवी. अपुऱ्या मोजणीवर टेकू नाहीत. एकतीस मार्चपर्यंत यंत्र माझ्याकडे, मग ते दुसऱ्या बेटांवर जाणार.

कॉलिन म्हणतो, रोजची नोंद ठेव. ठेवते आहे, इंग्रजीत, नीटनेटकी. ही दुसरी वही माझी. तेवीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, आता माझी कुणी तपासू नये.

२५ जानेवारी, गुरुवार

सकाऊचं आख्खं झुडूप मुळांसकट खांद्यावर घेऊन दमियान मामांकडे गेले. पेइलाप आईच्या कुळाचं, आणि आईमागं कुळात मोठे मामाच. त्यांच्या परवानगीशिवाय तिथला शिंपलाही हलत नाही.

सकाऊची मुळं कुटून काढलेल्या गुंगीच्या पेयाची पहिली करवंटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ओठाला लावली आणि पुढं सरकवली. रोज संध्याकाळी पाच करवंट्या रिचवणारा माणूस. "उपवास सुरू झाला की काय?" मी विचारलं. ईस्टरआधीच्या उपवासाला अजून तीन आठवडे आहेत.

"सराव करतोय," मामा म्हणाले.

परवानगी दिली. "घे सगळं. वायव्य कोपरा सोड."

वाटलंच होतं. त्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीचं एक भगदाड आहे आणि आत काय आहे ते फक्त मामांना ठाऊक. आमच्याकडे जाणता माणूस सगळं कधीच सांगत नाही. एक तरी गोष्ट पोटात ठेवतो, नाहीतर मुद्दाम उलटी सांगतो. सगळं सांगितलं की माणूस रिकामा होतो आणि रिकामा माणूस जगत नाही. म्हणून एकाच भिंतीच्या चार कहाण्या आहेत आणि चौघांपैकी कुणालाच खोटं म्हणायची रीत नाही. मास्तरकी केलेल्या बाईला हे कसं सोसवावं? किती तरी म्हातारे पोटात ठेवून ठेवून थडग्यात गेले. काय उपयोग झाला त्याचा?

तोंडानं मात्र "बरं मामा" म्हणाले. कोपऱ्याचं पुढचं पुढं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आठ दिवस पाऊस. आज उघडलं. माझा चुलतभाऊ वेल्टर होडी चालवतो. तो, मी आणि मामा. मामा रोज येणार म्हणतात. म्हाताऱ्याला माझ्यावर पाळत ठेवायची आहे, दुसरं काय.

होडी पार भिंतीला टेकवायला लावली त्यांनी. पूर्वी कमरेएवढ्या पाण्यात उडी मारायचे. चपलांचे पट्टे कापलेत, पाय मावत नाहीत म्हणे. "मामी फार खायला घालते तुम्हाला," मी म्हटलं. "घालते खरी," म्हणाले.

गंमत म्हणजे ते बोलू लागलेत. दर दहा पावलांवर थांबतात, भिंतीला हात टेकतात आणि सांगतात: हा दगड कुणी आणला, इथं कोण कुणाशी भांडलं, ही उंबऱ्याची शिळा अमक्या आजीच्या नावाची. आणि उलटंसुलटं नाही, सरळ. मी फोन चालू ठेवला. काम रेंगाळतं त्यानं. पन्नास पावलांना अर्धा तास लागला. पण असं कुणी कधी मला सांगितलं नव्हतं.

दुपारी त्यांना पडद्यावर अंगण दाखवलं. एकच जागा तीन ठिकाणांहून घेतली की दगड एकावर एक चपखल बसतात. जिवंत माणूस बसत नाही, मधल्या वेळात तो जरा तरी हलतोच. मामांची तीन नाकं आली होती. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"आता याचं काय करतेस?"

"पुसायचं. शेवटी प्रत्येक ठिपक्याला नाव द्यावं लागतं. भिंत, जमीन, झाड, पाणी. उरलेला कचरा. माणसं कचऱ्यात."

"म्हणजे मी कचरा!" मामा वेल्टरकडे वळले. "ऐकलंस? भाचीला शिकवलं त्याचं फळ."

११ फेब्रुवारी, रविवार

मोठी भरती. चर्चमधून सरळ धक्क्यावर गेले. चार दगड पडले, वायव्य कोपऱ्यालगतचे. पुढची अशीच भरती दहा-बारा मार्चला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज काहीतरी विपरीतच. मामांनी मला त्यांची कोनफळं दाखवली.

हे कागदावर लिहितानाही संकोच वाटतो. दुसऱ्याच्या कोनफळाच्या वेलाकडे आपल्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. पुरुष पहाटे अंधारात जाऊन खड्डा खणतात, बायकोलासुद्धा जागा सांगत नाहीत, आणि एकदम मेजवानीच्या दिवशी चौघांनी काठीवर वाहून आणावं असं कोनफळ निघतं. मामांनी मला रानात नेलं, बोट करून तीन जागा दाखवल्या. मी खाली बघत राहिले. "बघ गं, शरमतेस काय!" म्हणाले. मग एका पोत्यात लावणीचे तुकडे भरून दिले. "तुझ्या घरामागं लाव. हा वाण दुसऱ्या कुणाकडे नाही."

एवढं गोडीगुलाबीचं वागणं कशासाठी, ते मला कळतं. कोपरा सोडावा म्हणून लाच. मी तुकडे घेतले आणि कोपऱ्याचा विषय काढला नाही.

परतताना मामी परसात भेटली. रोसा मामी एरवी बोलकी बाई. आज हातातला कोयता खाली न ठेवता म्हणाली, "त्याला विचारणं बंद कर मार्सेलिना."

"मी कुठं विचारते? तेच सांगतात."

"तू ऐकतेस ना. बंद कर."

मामीला वाटत असेल, तिच्या पोरांना सोडून भाचीला का सांगतो. पण कूळ आईकडून चालतं, त्याला मी काय करू?

२८ फेब्रुवारी, बुधवार

तिपाईच्या साठ जागा झाल्या. कोपरा सोडून सगळं. कॉलिनचा निरोप: बाकी उत्तम, पण भिंत फुटते आहे ती नेमकी त्याच कोपऱ्यातून, तो नसेल तर इंजिनियर हात लावणार नाहीत.

मामांना तीनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आज तर ऐकता ऐकता बसल्या जागी डुलकी लागली त्यांना. मी किती तळमळीनं बोलत होते!

५ मार्च, मंगळवार. पेइलाप, सव्वाअकरा

यंत्र एकदा फिरायला सात-आठ मिनिटं लागतात, तेवढ्यात लिहिते.

सकाळी होडीतून उतरतानाच सांगितलं, आज कोपरा घेणार.

"मामा, मोजला नाही तर टेकू नाहीत. पुढच्या आठवड्यात भरती आहे. भिंत पडली की तुमचं गुपितही चिखलात."

"पडू दे की. म्हातारी झाली ती."

"तुम्हाला काय, तुम्ही बोलून मोकळे. उत्तर मला द्यायचंय."

"तुला द्यायचं काय राहिलंय गं आता? दगड सांगितले, माणसं सांगितली, कोनफळ दाखवलं. एवढा एक कोपरा म्हाताऱ्याला राहू दे."

आणि मी बोलू नये ते बोलले. म्हणाले, "तुमच्यासारख्या म्हाताऱ्यांनीच हे बेट मारलं. पोटात ठेवून ठेवून."

वेल्टर होडीच्या दोरीशी खेळायला लागला. मामांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "मग मी बसतो तिथं. बघू तुझं यंत्र मला ओलांडून कसं बघतं."

आणि खरंच जाऊन बसले. भगदाडाच्या तोंडावर, भिंतीला पाठ लावून, टोपी डोळ्यांवर ओढून. छातीवर हात बांधल्यासारखा.

बसा म्हटलं. चारी बाजूंनी घेते, तुमच्यामागचं हातभर सोडून सगळा कोपरा येईल. त्या हातभरासाठी इंजिनियर अडणार नाहीत.

एकसष्ट आणि बासष्ट झाल्या. त्रेसष्ट चालू आहे. तिपाई त्यांच्या पुढून न्यायची तर मोठ्यांच्या मानाखातर वाकून जावं लागतं, म्हणून लांबून वळसा घालते.

बारा वाजता

पासष्ट. अजून मिठाची गुळणी धरून बसलेत. रागावलेला मोठा माणूस आपण होऊन बोलेस्तोवर त्याच्याशी बोलायचं नाही, हे आईनं मला मारून शिकवलंय. ठीक. आज मीही बोलणार नाही. कोण आधी थकतं बघू.

वेल्टरनं नीरफणस भाजलाय. मामांच्या वाट्याचा पानात गुंडाळून ठेवला.

९ मार्च, शनिवार

मामा गेले.

सहासष्टावी जागा संपल्यावर यंत्र पेटीत ठेवलं आणि पान घेऊन गेले. वाकून, पायांकडे बघत. "मामा, खाऊन घ्या" म्हटलं. पान गुडघ्यावर ठेवलं ते घसरून खाली पडलं. तेव्हा वर बघितलं.

होडीत घातलं तेव्हा बारा चाळीस झाले होते. इस्पितळात डॉक्टरांनी मृत्यूची वेळ विचारली. वेल्टरनं तीच सांगितली आणि तीच लिहिली गेली.

चार दिवस माणसं येताहेत. डुकरं, कोनफळं, सकाऊची झुडपं. मामांची तिन्ही कोनफळं मला दाखवावी लागली, दुसऱ्या कुणाला जागा माहीत नव्हत्या. सहा-सहा जणांनी वाहून आणली. लोक चकित होऊन बघत होते आणि मग माझ्याकडे बघत होते.

मामी आज बोलली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं नाही.

"नोव्हेंबरातच सांगितलं होतं डॉक्टरांनी, हृदय फुगलंय म्हणून. मनीलाला ने म्हणाले. हा म्हणाला, तिकडं मेलो तर पेटीत घालून आणाल. तुला सांगू दिलं नाही मला. म्हणे, काम थांबवेल पोरगी."

मी हातातली करवंटी खाली ठेवली.

"विचारू नकोस म्हटलं होतं मी तुला. खरवडून खरवडून नारळासारखा रिकामा केलास त्याला."

पाय. सकाऊ. दर दहा पावलांवरची गोष्ट. मला सगळं दिसत होतं. तेवीस वर्षं वर्गात मागच्या बाकावरचं पोर आजारी आहे हे मी दारातून ओळखायचे.

१२ मार्च, मंगळवार

वेल्टर सांगून गेला. कालच्या भरतीत वायव्य कोपरा पडला, आतल्या बाजूला. भगदाड बुजलं. वरचे दगड दोन-दोन टनांचे, ते आता कोण हलवणार? सुतकात कुणी तिकडे गेलं नव्हतं.

मला रडू आलं नाही. लाज वाटली.

१८ मार्च, सोमवार

यंत्रातलं सगळं संगणकात उतरवलं. कॉलिनचं पत्र आलं, मामांबद्दल चार चांगली वाक्यं आहेत. खाली काम: कोपरा पडला असला तरी तुझ्याकडे तो पडण्याआधीचा आहे, हे मोठं नशीब, उरलेली भिंत त्यावरून सावरता येईल, टेकू मंजूर होतील. फक्त मध्ये एक आकृती आहे आणि तिच्यामागं ठिपकेच नाहीत, माणसाच्या आकाराचं भोक. आकृती पुसून टाक. भोक संगणक आजूबाजूच्या दगडांवरून अंदाजानं भरून देईल, कुणाला कळणारही नाही.

त्याचं काही चुकलं नाही. मीही पोरं, कुत्री, खेकडे असेच पुसले आहेत.

१९ मार्च, मंगळवार

आज सहाही जागा एकमेकींवर बसवल्या. दगड चपखल बसले.

मग मामांकडे बघितलं. एकसष्ट आणि बासष्टमध्ये नाकं दोन आहेत. बासष्टमध्ये मान जरा डावीकडे आहे, माझ्याकडे.

त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. नाक एकच. टोपीची कड एक, बोटं एक. मी प्रत्येक बोट मोजून पाहिलं, मिलिमीटरचाही फरक नाही. आजूबाजूच्या दगडांएवढे स्थिर.

त्रेसष्टवर वेळ आहे अकरा बारा.

म्हणजे सव्वाअकराला मी ते लिहिलं तेव्हा. बाराला लिहिलं तेव्हा. तासभर मी त्यांच्याभोवती वळसे घालत होते, त्यांचा मान राखून, मनातल्या मनात भांडत. बासष्टच्या वेळी त्यांनी मान वळवली तेव्हा मी पडद्यात बघत होते. काही म्हणायचं होतं का त्यांना?

मीच मारलं असं मामी म्हणते तसं नाही. पण मी तिथं होते आणि नव्हते. हे कुणाला सांगायचं?

२७ मार्च, बुधवार

संगणक घेऊन मामीकडे गेले. तिनं बस म्हटलं नाही, मी दारातच बसले. पडदा तिच्याकडे वळवला.

ती पडद्याजवळ वाकली. "हा बसलाय."

"हो."

"ह्याच्यामागं काळं काय ते?"

"तिथं काहीच नाही, मामी. यंत्राला दिसलं नाही. मामा आड बसले म्हणून."

"मग मागनं जाऊन बघितलं नाहीस?"

"नाही. आता कोपरा पडला. आता कुणालाच दिसणार नाही."

"तुला सांगितलं होतं त्यानं, आत काय ते?"

"नाही."

"शपथ?"

"आईची शपथ."

मामीनं खाली टेकून हात जोडले, माझ्याकडे नाही, पडद्याकडे. "म्हणजे ठेवलं त्यानं एक," ती म्हणाली. "रिकामा नाही गेला."

मग उठून तिनं मला वाढलं. नीरफणस आणि डब्यातले मासे. तीन आठवड्यांनी तिच्या हातचं खाल्लं. मी खात असताना ती परत पडद्याजवळ गेली. "किती स्पष्ट आलाय गं! तू म्हणायचीस माणसं पुसट येतात म्हणून."

तिला सांगावं असं एकदा वाटलं, खरंच वाटलं. मग मी म्हटलं, "पाऊस नव्हता त्या दिवशी." आणि पडदा मिटला.

३० मार्च, शनिवार

सोमवारी यंत्र जाणार. आज नावं देऊन संपवली. भिंत, जमीन, झाड, पाणी, कचरा. चार कोटी ठिपके संगणकच लावतो, शेवटचे थोडे हातानं लावावे लागतात.

शेवटी एक आकृती उरली. ती निवडली की रंगते आणि बाजूला यादी उघडते. मी तीन वेळा यादी उघडली आणि मिटली. "मी कचरा!" हे त्यांचं वाक्य कानात होतं, हसण्यासकट.

मग 'भिंत' निवडलं. मामा आजूबाजूच्या दगडांच्या रंगाचे झाले. कॉलिनला कळवलं, भोक भरायचं नाही, तिथं मुळातच काही दिसत नव्हतं.

पुढं कधी कुणी विचारेल की या कोपऱ्यात हा एवढा फुगवटा कसला. मी त्याला बसवून घेईन आणि सविस्तर एक गोष्ट सांगेन. खरी नाही.